पाय आपोआप फाटकाकडे वळतात

प्रश्न : वय ६२. अशोक चौकाजवळ राहतो. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका चादर कारखान्यात ३४ वर्षं काढली, त्यातली शेवटची १८ जॉबर, म्हणजे मागांची देखरेख करणारा म्हणून. मागच्या दिवाळीनंतर काम सुटलं. डॉक्टरांनी बीपीसाठी रोज चालायला सांगितलं. पहाटे साडेपाचला निघतो, पण पाय आपोआप कारखान्याच्याच रस्त्याला लागतात. पाऊण तासात फाटक येतं. वॉचमन विचारतो, "काय अण्णा, इकडं कुठं चाललाव?" काय सांगणार? दोन मिनिटं थांबतो, आतल्या मागांचा आवाज ऐकतो, परत फिरतो. मुलगा म्हणतो पार्कवर जावा, सून म्हणते अंधारात जाऊच नका.

अडचणी दोन. एक, उजवी टाच. सकाळी खाटेवरून उतरलं की खिळा टोचल्यासारखं होतं. दुसरी सांगायला अवघड आहे. घरापासून वीस मिनिटांवर एक वळण आहे. तिथं माझा हेल्पर सायकल घेऊन माझी वाट बघत उभा असायचा, पुढं दोघं मिळून जायचो. १७ वर्षांपूर्वी जकार्डची (मागावर नक्षी ठरवणारी भोकांची) कार्डं ओवताना माझ्या हातून दोन कार्डं मागंपुढं झाली. रात्रपाळीचा सगळा माल किनारीत चुकला. मालकानं विचारलं तेव्हा मी गप्प बसलो, नाव हेल्परचं आलं, त्याचं काम गेलं. आता रोज ते वळण आलं की तेच. निघतो त्यापेक्षा जड होऊन घरी येतो. चालता चालता आयुष्याचा हिशोब लागतो म्हणतात, माझा तर लागत नाही. ही वाट सोडू का? की चालणंच सोडू?

उत्तर : अण्णा, चालणं सोडू नका. वाटही सोडायचं कारण नाही. सोडायचं ते फाटक, तेही कायमचं नव्हे. पण आधी टाचेचं बघू. टाच ठणकत असताना माणूस चालता चालता जो विचार करतो, त्यातला निम्मा टाचेचाच असतो.

पहिल्या पावलाला खिळा टोचतो, असं तुम्ही लिहिलंय. बहुतेक पुढचंही असंच होत असणार : दहा-वीस पावलांत दुखणं उतरतं आणि बराच वेळ बसून उठलं की परत येतं. तसं असेल तर तळपायाखाली टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जो जाड पट्टा असतो, तो टाचेच्या हाडाला चिकटतो तिथे दुखावला आहे. रात्रभर पाय सैल पडलेला असतो, तेवढ्या वेळात पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. कारणं शोधायला लांब जायला नको. वर्षानुवर्षं कोब्यावर उभं राहून काम, पातळ चप्पल, आखडलेल्या पोटऱ्या आणि काम सुटल्यावर अचानक सुरू झालेली रोजची दीड तासाची चाल. पाऊण तास जाणं आणि पाऊण तास येणं ही सुरुवात नव्हे, एकदम वरची पायरी झाली.

उपाय खाटेवरच सुरू होतो. त्याला लागतो एक लांब टॉवेल, आणि तो सोलापुरात कुणाला विकत आणायला सांगावं लागत नाही. पाय लांब करून बसा, गुडघा सरळ ठेवा, टॉवेल चवड्याला अडकवा आणि दोन्ही टोकं आपल्याकडे ओढून ३० सेकंद धरा. असं तीन वेळा. मग खाटेखाली ठेवलेली चप्पल पायात घालूनच उभं राहा. अनवाणी पाय शहाबादी फरशीवर टेकवायचा आणि लंगडत मोरीपर्यंत जायचं, ही सकाळची पहिली चूक बहुतेकांकडून होते. बीपीची गोळी चालू आहे, म्हणून उठण्याआधी मिनिटभर खाटेच्या कडेला बसा. एकदम उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.

दिवसातून दोनदा भिंतीचा व्यायाम. दोन्ही हात भिंतीला, दुखरा पाय मागे, तो गुडघ्यात सरळ, पुढचा गुडघा हळूहळू वाकवत न्यायचा. मागच्या पोटरीत ताण जाणवला की तिथेच ३० सेकंद. दोन्ही पायांना तीन-तीन वेळा. यात एकच गोष्ट चुकते : मागची टाच जमिनीवरून उचलली जाते. ती उचलली की ताण पोटरीत राहत नाही, व्यायाम फुकट जातो. संध्याकाळी पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली पाऊणच भरून (बर्फ फुगतो, काठोकाठ भरली तर बाटली तडकते) गोठवा, कापडात गुंडाळा आणि बसल्या बसल्या तळपायाखाली पाच-सात मिनिटं घोळवा. गरम विटेवर रुईचं पान ठेवून टाच शेकायला तुम्हाला कुणीतरी सांगेलच. शेकून थोडा वेळ बरं वाटतं, पण आखडलेला पट्टा त्यानं सुटत नाही, आणि भाजण्याची भीती असते ती वेगळीच.

हे दुखणं आठवड्यात जात नाही. सहा-आठ आठवड्यांत फरक कळतो, पूर्ण जायला काही महिने लागतात. पंधरा दिवसांनी "काही उपयोग नाही" म्हणून टॉवेल घडी करून ठेवणारे पुष्कळ. एक्स-रेत हाड वाढलेलं दिसलं तरी घाबरू नका, असं हाड न दुखणाऱ्या टाचांतही सापडतं. मात्र टाच सुजली, लाल झाली, झोपेतही ठणकू लागली, पायाला मुंग्या किंवा बधिरपणा आला, तर व्यायाम करत वाट पाहत बसायचं नाही, हाडांच्या डॉक्टरांकडे जायचं. आणि चालताना छातीत दाब आला, दम नेहमीपेक्षा जास्त लागला, तर तिथेच थांबायचं. त्या दिवशी "थोडंच राहिलंय" असं म्हणायचं नाही.

बूट घ्यायला संध्याकाळी जा. दिवसभरात पाय थोडा फुगतो, सकाळी मापात बसलेला बूट संध्याकाळी चावतो. घालायचे मोजे बरोबर न्या. दुकानात तीन गोष्टी बघा. टाचेमागचा भाग अंगठ्यानं दाबला तर चेपू नये. बूट दोन्ही हातांनी वाकवला तर बोटांजवळ वाकावा, मधोमध दुमडू नये. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याएवढी जागा उरावी. वरून बूट नवा दिसला तरी आतला स्पंज पाचशे-सहाशे किलोमीटरनंतर बसू लागतो. रोज चार किलोमीटर, आठवड्यात सहा दिवस धरले तर पाच-सहा महिन्यांत हे अंतर होतं. म्हणून घेतल्याची तारीख बुटाच्या आत पेनानं लिहून ठेवा.

आता चाल किती? पहिले दोन आठवडे फक्त अर्धा तास : पंधरा मिनिटं जायची, पंधरा यायची. त्यापुढे दर आठवड्याला एकूण पाच मिनिटं वाढवायची, तीही टाच सकाळी आदल्या आठवड्यापेक्षा जास्त दुखत नसेल तरच. सुरुवातीची आणि शेवटची पाच मिनिटं सावकाश, मधल्या वेळात वेग इतका की शेजारच्याशी बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये. पावलं मोजायची असतील तर मिनिटाला शंभराच्या आसपास. आठवड्याला १५० मिनिटं अशी चाल प्रौढ माणसाला पुरे, हे जागतिक आरोग्य संघटनेचं माप आहे. अर्धा तास पाच दिवस म्हटलं की ते भरतं. तुम्ही दिवसाला दीड तास चालत होता, म्हणजे दोन दिवसांतच त्याहून जास्त. टाच उगाच ओरडत नव्हती.

या हिशोबात तुमच्या लक्षात आलंच असेल : पंधरा मिनिटांवरून परत फिरायचं म्हटलं तर वीस मिनिटांवरचं ते वळण वाटेत येतच नाही. तिथपर्यंत पोचायला चौथा आठवडा उजाडेल. ही मुदत टाचेनं दिलीय असं समजा. ती कशासाठी वापरायची ते पुढे.

वेळेचं सुनेचं म्हणणं आम्हाला पटतं. साडेपाचला अजून काळोख असतो आणि अक्कलकोट रोडवर ट्रक, टेम्पो त्याही वेळी चालू असतात. जानेवारीत उजाडायला पावणेसात होतात, तेव्हा पावणेसातला निघा. उन्हाळा वाढेल तसं हे मागे घ्यायचं. मे महिन्यात सहाच्या आत सूर्य वर येतो, त्या दिवसांत साडेपाचलाही रस्ता दिसतो, आणि सातच्या आत घरी पोचलेलं बरं. संध्याकाळची चाल एप्रिल-मेमध्ये नकोच. दिवसभर तापलेलं डांबर आठ वाजेपर्यंत खालून वाफ मारत असतं. निघताना पेलाभर पाणी, उन्हाळ्यात बरोबर अर्धा लिटर. फूटपाथ नसेल तिथे समोरून येणारं वाहन दिसेल अशा बाजूनं चाला, अंगात फिकट रंगाचा सदरा. खिशात एका कागदावर नाव, घरचा नंबर, चालू गोळ्यांची नावं. कुत्री अंगावर आली तर पळू नका, त्यांच्या डोळ्यांत बघू नका, काठी जमिनीकडे धरून सावकाश पुढे सरका. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी लस घ्यायची, मग ओरखडा कितीही लहान असो.

मुलाचं पार्कचं म्हणणंही अर्धं बरोबर आहे. आठवड्यातून दोन दिवस तिकडे जा, किंवा सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, नाहीतर संभाजी तलावाकडे. मातीची वाट टाचेला सोसते आणि चारचौघांशी बोलणं होतं. बाकीचे दिवस तुमची वाट तुमची. सगळेच दिवस पार्कवर गेलात तर लोकांशी बोलाल, स्वतःशी बोलायचं राहून जाईल. आणि तुमचं पत्र वाचून वाटतं की खरं काम तेच आहे.

ओळखीच्या वाटेवर मन का सुटतं, ते सरळ आहे. नव्या रस्त्यावर खड्डा कुठे, वळायचं कुठे, हे बघण्यात लक्ष जातं. ३४ वर्षांच्या वाटेवर पाय काहीच विचारत नाहीत, त्यामुळे डोकं मोकळं राहतं. दुसरं म्हणजे जागा आठवण धरून ठेवते. ज्या ठिकाणी एखादा माणूस रोज उभा असायचा, तिथे पोचलं की तो माणूस आठवणारच, तुम्ही बोलावलं नाही तरी. भोंग्यावर उठून गिरणीची वाट धरणाऱ्यांचं हे शहर आहे. गिरण्या बंद पडल्या तरी त्या वाटा किती म्हाताऱ्या पायांत अजून शिल्लक आहेत. पाय तिकडे वळतात म्हणून तुम्हाला काही झालंय असं मुळीच समजू नका.

चालण्याचा विचारांवर काय परिणाम होतो, यावर अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केलेले प्रयोग २०१४ साली प्रसिद्ध झाले. बसलेल्या माणसापेक्षा चालणाऱ्याला नव्या कल्पना जास्त सुचतात, असं त्यांत दिसलं. भिंतीसमोर ठेवलेल्या ट्रेडमिलच्या सरकत्या पट्ट्यावर जागच्या जागी चालूनसुद्धा. पण ज्या प्रश्नाला एकच नेमकं उत्तर आहे, तिथे चालण्याचा फायदा दिसला नाही. तुमच्यापुरता यातून एवढाच अर्थ घ्या : वाटेवर गोष्टी आठवतील, सुचतील, जुळतील. निवाडा मात्र घरी, पाट मांडून. चालता चालता हिशोब लागत नाही ही तुमची तक्रार आहे, पण हिशोब लावायची ती जागाच नाही. तिथे फक्त पावत्या गोळा करायच्या.

पावत्या गोळा करायचीही एक रीत असते, नाहीतर एकच पावती रोज हातात येते. तुमचं तेच चाललंय. एखादी गोष्ट आठवणं वेगळं, उगाळणं वेगळं. फरक ओळखायची सोपी खूण : तेच वाक्य, त्याच शब्दांत, त्याच जागी तिसऱ्या दिवशीही आलं तर ते उगाळणं. उगाळण्याचा प्रश्न नेहमी 'का' असतो. मी का गप्प बसलो, माझ्याच हातून का झालं. 'का'ला तळ नसतो. त्याऐवजी काय, कोण, कुठे, कधी विचारा. त्या दिवशी पाळी कुणाची होती? किनारीचा रंग कोणता होता? कार्डं ओवताना उजेड कुठून येत होता, शेजारी कोण उभं होतं? या प्रश्नांना उत्तरं असतात, आणि उत्तर मिळालं की मन पुढे सरकतं.

जाण्याच्या पंधरा मिनिटांतली पहिली पाच फक्त पायांना द्या. टाच टेकते, चवडा टेकतो, बोटं जमीन सोडतात, एवढंच बघा. नामस्मरणाची सवय असेल तर तेही चालेल, पावलाशी ताल बसतो. पुढच्या दहा मिनिटांच्या वाटेवर पाच खुणा ठरवा : एखादं मारुतीचं देऊळ, पिठाची गिरणी, पाण्याची टाकी, असं जे तुमच्या रस्त्यावर असेल ते. आयुष्याचे पाच तुकडे करा आणि एकेका खुणेपर्यंत एकेक तुकडा द्या. पहिल्या खुणेपर्यंत शाळा सुटेपर्यंतची वर्षं, दुसरीपर्यंत मागावर बसण्याआधीची, मग लग्न आणि पोरं, मग जॉबरकी, मग आत्ताचं. त्या वर्षांतला एकच माणूस किंवा एकच वस्तू आठवायची. घरात सुताच्या कांड्या कोण भरायचं, पहिल्या पगारात काय आणलं, पहिली सायकल कितीला घेतली. खूण मागे पडली की तो तुकडा मिटवायचा, अर्धवट राहिला तरी. पुढच्या आठवड्यात क्रम उलटा करा, शेवटच्या वर्षांपासून मागे या.

यात हमखास बिघडतं ते असं : चार-पाच दिवसांत मन सगळ्या खुणा ओलांडून थेट त्या एका गोष्टीवर जाऊन बसतं. तसं झालं की समोर दिसतं त्याचं नाव मोठ्यानं घ्या. "दुधाची गाडी. निळा शटर. शाळेची पोरं." पाच नावं. कुणी ऐकलं तर ऐकू द्या, पहाटे स्वतःशी बोलणारे तुम्ही एकटे नाही. तरीही सुटलं नाही तर त्या दिवसापुरती रस्त्याची बाजू बदला. परत येताना काहीच आठवायचं नाही. येताना भाजी, नळाला पाणी कधी येणार, नातवाची फी.

घरी आल्यावर, अंघोळीआधी, वहीत चार ओळी. तारीख. कोणत्या खुणेजवळ काय आठवलं. त्यात कुणाचं नाव आलं. त्याबाबतीत काही करायचं राहिलंय का. मोबाईलमध्ये नको, त्यात चार ओळी लिहायला गेलेला माणूस अर्धा तास दुसरंच बघत बसतो. रविवारी सात दिवसांचं एकदम वाचा आणि प्रत्येक नोंदीपुढे एक खूण करा : करता येण्यासारखं, फक्त सांगण्यासारखं, किंवा आता काहीच न करता येण्यासारखं. 'सांगण्यासारखं' नातवंडांना सांगा, त्यांना मागाचा धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) म्हणजे काय तेही माहीत नसेल. 'करता येण्यासारखं' असेल त्यातलं एक येत्या आठवड्यात करून टाका.

सोलापूरकराला ही रीत परकी वाटू नये. आपली गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा आठवा. दर जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास बाराबंदी (पांढरा पारंपरिक अंगरखा) घातलेले भक्त नंदीध्वजाच्या उंच काठ्या घेऊन ६८ शिवलिंगांना निघतात. दरवर्षी तीच वाट, तेच थांबे. थांब्यावर थांबायचं, तैलाभिषेक करायचा, पुढच्या लिंगाकडे निघायचं. एकाच लिंगापाशी ध्वज टेकवून बसले तर पुढची लिंगं राहूनच जातील. तुमचा त्या वळणावर रोज मुक्काम पडतोय, कारण तिथला विधी झालेला नाही.

तर ते वळण. चौथ्या आठवड्यात तिथे पोचण्याआधी जे करायचं ते हे.

आधी तो माणूस कुठे आहे ते शोधा. त्या पाळीतल्या एखाद्या जुन्या कामगाराला विचारलंत की कळेल. त्याला सगळं सांगत बसू नका, "भेटायचं होतं" एवढं पुरे. घरी मात्र मुलाला आधी सांगा. तुम्ही रोज त्या रस्त्यानं का जाता हे त्याला आज कळत नाही, म्हणून तो पार्क पार्क करतोय.

दारात एकदम जाऊन उभे राहू नका. १७ वर्षांनी समोर आलेल्या माणसाला तो पाहुणा म्हणून चहा देईल आणि तुम्ही त्याच्या बायको-पोरांसमोर बोलायला सुरुवात कराल, हे त्याच्यावर अन्याय केल्यासारखं आहे. फोन करा : "कारखान्यातल्या एका जुन्या गोष्टीबद्दल बोलायचंय, चूक माझी होती. कुठं भेटायचं ते तू ठरव." चूक कुणाची हे फोनवरच सांगायचं, म्हणजे तो काळजी करत येणार नाही. जागा आणि वेळ त्याची.

काय बोलायचं ते आधी कागदावर लिहा. चार वाक्यं. कार्डं माझ्या हातून चुकली. मालकानं विचारलं तेव्हा मी गप्प राहिलो. तुझं काम गेलं ते माझ्यामुळं. हे मी त्याच दिवशी बोलायला हवं होतं. मागावर तुम्ही दोघं तेलुगूत बोलत असाल तर तेलुगूत, कन्नडमध्ये बोलत असाल तर कन्नडमध्ये. नवीनच जॉबर झालो होतो, पोरं लहान होती, मालक तापट होता, यातलं एकही वाक्य या चारांत घालू नका. ते खरं असेल, पण त्यानं विचारलं तरच. एकदा ते घातलं की माफी मागायला आलेला माणूस सहानुभूती मागून जातो. "माफ कर" एकदाच म्हणा आणि उत्तरासाठी त्याच्या तोंडाकडे बघत बसू नका. पाकीट नेऊ नका. पैशाचं पाकीट पुढे केलं की सगळी भेट त्या पाकिटाची होते. "माझ्याकडून काही करता येण्यासारखं आहे का?" हे विचारा, आणि तो जे सांगेल ते झेपत असेल तरच हो म्हणा.

एक गोष्ट बहुतेक जण विसरतात. आळ चारचौघांत आला होता, तो उतरायलाही चारचौघांतच हवा. त्या पाळीतले जे कोणी आज भेटतात, त्यांच्यापुढे खरं सांगायची तयारी ठेवा. पण त्याला विचारून. कदाचित त्याला ती गोष्ट पुन्हा उकरायची नसेल, आणि तो हक्क त्याचा आहे.

तो चिडेल. किंवा हसून "मी कधीच विसरलो अण्णा" म्हणेल, आणि हे ऐकणं चिडण्यापेक्षा अवघड जातं, कारण इतकी वर्षं वाहिलेलं ओझं समोरच्याच्या लेखी नव्हतंच असं वाटतं. किंवा भेटायचंच नाही म्हणेल. तिन्हींत तुमचं काम तेवढंच : चार वाक्यं सांगणं, आणि नकार आला तर ती चिठ्ठीत लिहून पाठवून गप्प राहणं. पुन्हा पुन्हा फोन नाही. तो आता हयात नसेल तर घरच्यांकडे जायचं की नाही, याला एकच कसोटी लावा. वडिलांनी माल बिघडवला असं त्याची मुलं आजही समजत असतील तर खरं सांगणं त्यांच्या उपयोगाचं आहे, जा. त्यांना यातलं काहीच ठाऊक नसेल तर तुमचं मन हलकं करण्यासाठी त्यांच्या घरात नवा घोर आणू नका. मग ते वहीत लिहा, मुलाला सांगितलंय ते पुरे.

मागाचं तुम्हाला आम्ही काय सांगणार. तार तुटली की माग थांबतो, तुम्ही तेवढी गाठ मारता आणि चालू करता. गाठ कापडात राहते. उभ्या धाग्यांचा अख्खा ताणा कुणी उसवत बसत नाही.

हे सगळं करूनही दोन आठवड्यांपेक्षा जास्त दिवस झोप मोडत असेल, जेवण गोड लागत नसेल, कशातच मन रमत नसेल, तर ते वाटेवर सुटणारं नाही. बीपीच्या डॉक्टरांनाच सांगा, ते मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवतील. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहता राहिलं फाटक. रोज तिथवर जाऊन, काही काम नसताना, उत्तर नसलेला प्रश्न ऐकून परत यायचं, हे बंद करा. आतले माग तुमच्याशिवाय चालतात हे ऐकायला तुम्ही दर पहाटे जात होता, त्यात जड न होऊन कोण येईल? महिन्यातून एकदा जा, पगाराच्या दिवशी, दुपारच्या सुट्टीत, आतल्या एखाद्या जुन्या सोबत्याला आदल्या दिवशी फोन करून. टाच पूर्ण बरी होईपर्यंत सिटी बसनं गेलात तरी चालेल. वॉचमननं विचारलं तर सांगा, चहाला आलोय.